अत्तींची अरुंधती

रात्रीच्या आकाशाचे फोटो काढतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडं बघतो, मग वर बघतो आणि मग विचारतो, "त्याचं पुढं करायचं काय?" कचेरीत हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता कुणी कॅमेऱ्याचा विषय काढला तरी माझं डोकं फिरतं. एकानं तर सल्ला दिला, "त्यापेक्षा लग्नाचे काढा की. लोक जेवायला तरी घालतात." सगळ्यांना उपयोग पाहिजे. सकाळी दोन तास पेपर चघळत बसता त्याचा काय उपयोग, असं मी कधी कुणाला विचारलं नाही.

पण माझ्या एका फोटोचा उपयोग झाला, आणि तो कुणाला झाला ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. माझ्या सासूबाईंनी सत्तरी ओलांडेपर्यंत आकाशातली एकही चांदणी पाहिली नव्हती. आम्हाला हे कळलं तेव्हा त्यांची दिवसाची नजरही आक्रसत चालली होती. ती पुरती मिटायच्या आत त्यांना एक तारा दाखवायचा होता. एकच, पण तोच.

हा नाद मला तसा उशिरा लागला. पोरगी शिकायला पुण्याला गेली, संध्याकाळी घर खायला उठायला लागलं, आणि कचेरीतल्या एका मित्रानं नवा कॅमेरा घेतला म्हणून त्याचा जुना माझ्या गळ्यात पडला. आमचं घर सोलापुरात भवानी पेठेत, दोन्ही अंगांना यंत्रमाग. गच्चीवर ट्रायपॉड लावून ताऱ्यांचा फोटो काढला की तारा ठिपक्यासारखा न उमटता शेवईच्या तुकड्यासारखा वळवळीत उमटायचा. कित्येक महिने मी लेन्सला शिव्या घातल्या. मग एकदा मागांना सुट्टी होती त्या दिवशी काढलेला फोटो स्वच्छ आला आणि डोक्यात प्रकाश पडला. खटखटीनं आख्खी गच्ची बारीक थरथरत असते. आम्हाला ते जाणवत नाही, जन्म त्यातच गेला. वीस सेकंद शटर उघडं ठेवून बसलेल्या कॅमेऱ्याला मात्र ते जाणवतं. तेव्हापासून मागांची सुट्टी आणि निरभ्र आकाश एका दिवशी येण्याची मी वाट बघत बसायला लागलो. बायको म्हणाली, "मागवाल्यांना सांगा की, आमचे तारे हलतात, जरा बंद ठेवा म्हणून." तिला माझ्या नादाचा राग नाही, पण टोमणा मारायची संधी ती सोडत नाही.

शेवटी मी सासुरवाडीच्या शेताचा आसरा घेतला. अक्कलकोटच्या पुढं, हद्दीला लागून गाव. घरात कानडी, बाजारात मराठी. सासऱ्यांना मी मामा म्हणतो आणि सासूबाईंना अत्ती, म्हणजे कानडीतली आत्या आणि सासू दोन्ही. तिकडं शेतीची वीज एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की विहिरीविहिरीवर दिवे, बॅटऱ्या, पाणी धरणाऱ्यांची ये-जा. दिवसाची पाळी असली की संध्याकाळनंतर शिवार काळंभोर. माझ्या रजा त्या पाळीवर ठरायला लागल्या. साहेब विचारायचे, "गावाकडं काय कार्य आहे?" मी सांगायचो, "वीज नाही."

या सगळ्यात अत्तींचा सहभाग शून्य. घरात त्या भित्र्या म्हणून प्रसिद्ध होत्या. दिवेलागण झाली की त्या आत. उन्हाळ्यात सगळ्यांची पंगत अंगणात बसली तरी त्यांचं ताट स्वयंपाकघरात. मी अंगणात कॅमेरा लावून हाक मारायचो, "अत्ती, या तरी, गुरूचे चंद्र दिसतायत!" आतून उत्तर यायचं, "तुमी बघा की. माझं काय नडलंय तितं?" मला वाटायचं, ह्याही उपयोगवाल्यांच्याच पक्षातल्या.

मग त्या सालची 'वेळ अमावस्या' आली. आमच्या भागात मार्गशीर्षातल्या या अमावस्येला माणसं घरात सापडत नाहीत. शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपटी उभी करायची, पाच दगडांचे पांडव मांडायचे, मिसळभाज्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे आडवा हात मारून खायचे, पाहुण्यारावळ्यांना ओढून आणून खायला घालायचं आणि अंधार पडता पडता पेटती पेंढी हातात घेऊन शेताला फेरी मारायची. त्या साली विजेची पाळीही दिवसाची होती. अमावस्या, थंडीतलं धुतल्यासारखं आकाश आणि वीज नाही! मी आठवडाभर आधीच फोनवर जाहीर करून टाकलं की या खेपेला रात्री शेतातच थांबून फोटो काढणार.

माझ्या मेहुण्यानं ते फार मनावर घेतलं. जावईबापू रात्री फोटो काढणार, आणि शिवारात मिट्ट काळोख. आपल्या घराण्याची लाज जायची वेळ. त्यानं गुपचूप मांडववाल्याकडनं जनरेटर आणला आणि बांबूंवर हॅलोजन बांधून ठेवले. फेरी झाली, पेंढ्या विझल्या, मी कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला आणि भक्कन सगळं शेत कुस्तीच्या फडासारखं उजळून निघालं. मेहुणा कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत उभा, शाबासकीची वाट बघत.

"बंद कर ते!" मी ओरडलो.

"मग फोटो निघंल कसा?"

"अंधारातच निघतो तो!"

"अंधारात कशाचा फोटो निघतोय? काय बी बोलताय जावईबापू." त्यानं जमलेल्या लोकांकडं बघितलं. लोकांनी माना हलवल्या. शेजारच्या वस्तीवरची माणसंसुद्धा उजेड बघून गोळा झाली होती, आणि फोटोत यायचं म्हणून दोघातिघांनी केस विंचरून घेतले. अर्धा तास हुज्जत घातल्यावर जनरेटर एकदाचा बंद झाला. मृगाचं नक्षत्र पूर्वेला चढलेलं, कृत्तिका डोक्यावर. मी सगळं विसरलो. कॅमेऱ्याचा पहिला आवाज झाला न झाला तोच मागून बायकोची हाक आली, "आई कुठाय?"

अत्ती दर साली ऊन कलल्याबरोबर पहिल्या टेंपोनं घरी निघून जायच्या. त्या साली दिवे लागणार म्हणून लेकानं त्यांना थांबवून घेतलं होतं. त्या उजेडात आंबिलीचं मडकं आणायला कोपीच्या पलीकडं गेल्या आणि तेवढ्यात मी अंधार करून घेतला. सापडल्या तिथंच, उभ्या ज्वारीत. दोन्ही हातांनी धाटं घट्ट धरून उभ्या होत्या. हाक मारली नव्हती. बायकोनं हात धरला तर हात थंडगार. "आई, अगं बॅटरी दाखवतेय ना मी, ये की." अत्ती कानडीत म्हणाल्या, "काणंगिल्ल." दिसत नाही. मग मराठीत, बहुधा मला कळावं म्हणून, "रातचं मला कायच दिसत न्हाय, बापू. कदीच दिसलं न्हाय."

टेंपोत बसून त्यांनी सगळं सांगितलं. लहानपणापासून संध्याकाळ झाली की त्यांच्यापुढं पडदा पडायचा. आईनं बजावलं होतं, रातांधळी पोर कुणी करून घेणार नाही, तोंड उघडायचं नाही. त्यांनी ते लग्नानंतरही उघडलं नाही. सासरचे उंबरे, पायऱ्या, चुलीपासून माजघरापर्यंतची भिंत त्यांनी हातापायांनी पाठ केली. बाहेर जायची वेळ आलीच तर जावेचा पदर धरायचा आणि भीती वाटते म्हणायचं. भित्री म्हणवून घेणं त्यातल्या त्यात स्वस्त पडलं. पन्नास वर्षं आम्ही सगळे त्यावर हसलो होतो. मामा पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते. घर येईपर्यंत त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही.

सोलापुरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्यातल्या पडद्याचा जन्मजात आजार आहे, इलाज नाही. आता कडेकडेनं दिवसाची नजरही मिटत चाललीय, नळीतून बघितल्यासारखं दिसत असणार. नळी अरुंद होत जाईल. किती दिवसांत, ते कुणी सांगू शकत नाही. बाहेर पडताना दवाखान्याच्या जिन्यात मामांनी अत्तींचा हात धरला. चारचौघांत त्यांनी बायकोचा हात धरलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं स्फुरणही चढलं. त्यांना चांदण्या दिसत नाहीत आणि माझ्याकडं चांदण्यांशिवाय दुसरं काही नाही! डोळ्याला रात्री दिसत नसेल, पण कॅमेऱ्यानं गोळा केलेला उजेड दिवसाढवळ्या बघायला काय हरकत? मी माझा सर्वांत लाडका फोटो निवडला, त्यांच्याच शेतावरून उगवलेल्या आकाशगंगेचा. भिंतभर मोठा छापून घेतला, चौकट केली आणि संक्रांतीला घेऊन गेलो. भर दुपारी ओसरीवर, चांगल्या उजेडात टांगला.

अत्ती जवळ जाऊन उभ्या राहिल्या. मान सावकाश डावीकडून उजवीकडं नेली. "हितं काळं हाय," त्या म्हणाल्या. "हितंबी काळं. हितं एक ठिपका हाय. परत काळं." मी मूर्खासारखा हातवारे करत आकाशगंगा दाखवत होतो. फोटो जितका मोठा तितका त्यांच्या नळीत कमी मावणार, हे भिंतीत खिळे ठोकून झाल्यावर मला कळलं. माझा चेहरा त्यांना बरोबर दिसला असणार. "झकास हाय पण," त्या म्हणाल्या. "जागा लई घेतली भिंतीची."

संध्याकाळच्या आत, स्वयंपाकघरात मी आणि बायको दोघंच असताना त्या म्हणाल्या, "एवढं सगळं नको मला, बापू. एकच दाखवा. वसिष्ठाच्या शेजारची, अरुंधती."

आणि मग जे सांगितलं ते त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं. त्यांचं लग्न वैशाखात लागलं, गोरज मुहूर्तावर. लग्न लावणाऱ्या स्वामींनी रीतीप्रमाणं नवरानवरीला मांडवाबाहेर आणून उत्तरेला बोट केलं. तिथं सप्तर्षी, शेपटातला मधला वसिष्ठ, त्याला चिकटून अरुंधती. दिसली का? नवरा म्हणाला, दिसली. नवरी म्हणाली, दिसली. तिला मांडवाचे खांबसुद्धा धड दिसत नव्हते. आणि तिच्याकडच्या म्हाताऱ्या आदल्याच दिवशी बोलत होत्या की जिला अरुंधती दिसत नाही तिचे सहा महिने उरलेले असतात. सतरा वर्षांची पोर. पहिली पंचमी, पहिली दिवाळी, प्रत्येक सण हा शेवटचा म्हणून तिनं केला. सहा महिने सरले तरी मेली नाही. मग दुसरं भ्या बसलं, की देवासमोर खोटं बोललो ते आता घरातल्या कुणावर तरी निघणार. मामांना विषमज्वर झाला तेव्हा त्यांना वाटलं, हे आपल्यामुळं. बैलानं ढुशी मारली तेव्हा वाटलं, आपल्यामुळं. मेहुण्याचं पहिलं मूल गेलं तेव्हाही. "एकदा ती बघितली की खोट्याचं खरं हुईल," अत्ती म्हणाल्या. "मग डोळं गेलं तरी चालंल. तुमच्या मामांना सांगू नका."

मी विज्ञानाची चार वाक्यं जुळवायला तोंड उघडलं आणि बायकोनं माझ्या पायावर पाय दिला. बरं झालं. पन्नास वर्षांच्या भीतीला चार वाक्यांनी काय होणार होतं?

त्या दिवसांत सप्तर्षी रात्री उशिरा उगवतात आणि पहाटे उत्तरेला चांगले वर येतात. पौष अमावस्येला रजा टाकून मी गेलो. पहिल्या पहाटे धुकं. दुसऱ्या पहाटे आकाश स्वच्छ, पण लेन्सवर दव बसून सगळे तारे कापसाच्या बोंडांसारखे आले. अत्ती रोज सकाळी काही न विचारता चहा पुढं ठेवायच्या आणि माझ्या तोंडाकडं बघायच्या. चहाच्या कपाची कड कुठाय ते बोटानं चाचपून बघत होत्या, महिन्याभरापूर्वी हे करत नव्हत्या. मला घाई झाली होती. तिसऱ्या पहाटे लेन्सला कानटोपी घातली, आकाशगंगा वगैरे सगळं बाजूला ठेवलं आणि लांबच्या लेन्समधून फक्त ती जोडी धरली. बारके बारके, एकेका सेकंदाचे फोटो. उजाडेपर्यंत काढत राहिलो.

ऊन अंगणात आलं तेव्हा अत्ती कट्ट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मामा शेजारी चहा बशीत ओतून पीत होते. मामांसमोर दाखवायचं नाही म्हणून मी घुटमळलो, पण अत्तींनीच हात पुढं केला. "निघाली व्हय? आणा."

मी फोटो कॅमेऱ्यातून मोबाईलवर घेतला होता. तेवढाच पडदा त्यांच्या नळीत मावणार होता. ऊन लागू नये म्हणून बायकोनं पदराचा आडोसा धरला आणि मी मोबाईल पुढंमागं करत राहिलो. "थांबा," त्या म्हणाल्या. "मोठा दिसतोय. आणि शेजारी बारकी. हीच?"

"हीच."

त्यांनी बोटानं दाखवली. बोट बरोबर अरुंधतीवर होतं. माझ्या नादाचं काय करायचं असं ज्यांनी ज्यांनी विचारलं ते सगळे त्या वेळी अंगणात असायला हवे होते. मग त्या आणखी वाकल्या. "ह्या दोघांच्या मदी ही आणि कोण?" तिथं खरोखरच एक अंधूक तारा आहे, नुसत्या डोळ्यांनी कुणालाच दिसत नाही, फोटोतच येतो. मी तसं सांगेपर्यंत त्यांनीच निकाल दिला, "सासू असंल." बायको इतकी हसली की पदर सुटला.

हसणं ओसरल्यावर अत्ती मामांकडं वळल्या आणि सरळ म्हणाल्या, "लग्नात मला ही दिसली नव्हती. मी खोटं बोलले."

मामांनी बशी खाली ठेवली. "मला तरी कुटं दिसली हुती?" ते म्हणाले.

मामांनी शेंगांची टरफलं बाजूला सारली.

"दिवस नुकता बुडाला हुता. आभाळात लख्ख उजेड, वरनं मांडवात गॅसबत्त्या. एक चांदणी न्हवती वर. स्वामी बघ म्हणाले, मी बघितली म्हणालो. त्या दिशी कुणालाच दिसली न्हवती."

"मला काय ठावं," अत्ती हळू म्हणाल्या, "किती अंधार पडल्यावर दिसतात त्या." मग त्यांचा आवाज चढला. "मग मला का न्हाय सांगितलं कदी?"

"तू दिसली म्हणालीस. मला वाटलं, तुला खरंच दिसली. मीबी ऐकलं हुतं की म्हाताऱ्यांचं, सहा महिन्यांचं. तुला कशाला सांगू? नवी नवी पोर, भ्याली असतीस." मामा आपल्या हातांकडं बघत होते. "मीच भिऊन हुतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. एकाच घरात, एकाच अंथरुणावर, एकमेकांना भीती वाटू नये म्हणून दोघं वेगवेगळे घाबरत राहिले होते.

अत्तींनी माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि मामांपुढं धरला. "बघा."

मामांनी चष्मा वर केला, खाली केला, मान मागं घेतली. "दिस..." ते म्हणाले आणि थांबले.

"खरं सांगा."

"न्हाय दिसत."

"मग दिसली म्हणू नका," अत्ती म्हणाल्या, आणि त्यांचं बोट धरून त्या बारक्या ठिपक्यावर नेऊन ठेवलं.